आईला दिलेला नंबर

“राणीसरकार, जेवलात का?”

निरोप एवढाच. जुईली त्या वेळी एका आजोबांच्या कानात नवं श्रवणयंत्र बसवत होती आणि आजोबा सुनेकडे बघून विचारत होते, की आता हिचं पुटपुटणंही ऐकावं लागणार का. एरवी जुईली खुदकन हसली असती. पण टेबलावरच्या फोनवर ती ओळ उमटली आणि यंत्र तिच्या हातातच राहिलं.

तिला राणीसरकार म्हणणारं माणूस जगात एकच. निनाद, तिचा पूर्वीचा नवरा. त्याच्या तोंडी ते लाडाचं कधीच नव्हतं. आमटीत मीठ कमी पडलं, माहेरचा फोन जरा लांबला, की राणीसरकार. घटस्फोट झाला, हिच्याशी कुठल्याही मार्गानं संपर्क करायचा नाही असं कोर्टानं त्याला बजावलं, आणि जुईली सोलापुरात येऊन एकटी राहिली. घरच्यांना गाव तेवढं ठाऊक होतं. गल्ली, घर, दवाखान्याचं नाव, यातलं काही तिनं कुणाला सांगितलं नव्हतं. आईलाही नाही.

निरोपाखाली ‘कडी’नं बारीक अक्षरांत आपलं काम केलं होतं. ‘अनोळखी व्यक्ती. वापरलेला नंबर: आईला दिलेला.’

आता ही कडी काय भानगड आहे ते सांगायला हवं, कारण सगळा घोळ तिच्यातूनच झाला. आपल्या आईबापांच्या काळी माणसाला एकच नंबर असे, दहा आकड्यांचा. दूधवाल्याला तोच, बँकेला तोच, शाळेला तोच. दुकानदार बिल करताना खुशाल नंबर विचारी आणि लोकही रांगेतल्या शेवटच्या माणसाला ऐकू जाईल असा तो सांगत. निरोपांची ॲप्स म्हणत, काळजी करू नका, तुमचा नंबर आम्ही दळून ठेवतो, पिठावरून दाणा कुणाला ओळखता यायचा नाही. गणितानं पाहिलं तर ते खरंही होतं, पिठाचा उलटा दाणा होत नाही. पण दहा आकडी नंबर असून असून किती असणार? एखाद्या लबाडानं होते नव्हते तेवढे सगळे नंबर आपल्या यंत्रात दळले आणि कुठलं पीठ कुठल्याशी जुळतं ते पाहिलं, की झालं. संगणकाला ते दुपारच्या डुलकीएवढं काम.

कडीनं एकच नंबर ही गोष्टच मोडीत काढली. तुमच्या फोनच्या पोटात एक गुप्त किल्ली असते. ती किल्ली आणि समोरचं माणूस मिळून एक लांबलचक नंबर तयार होतो, त्या माणसापुरता. आईला वेगळा, भावाला वेगळा, साहेबाला वेगळा. नुसते नंबर बघून हे दोन्ही एकाच बाईचे आहेत असं कुठल्याही यंत्राला सांगता येत नाही. नवा नंबर द्यायचा तर दोन फोन एकमेकांना टेकवावे लागतात, निरोपातून तो जात नाही. नको झालं की कडी लावायची. मग तो नंबर कायमचा मेला. समोरच्याला कळतं ते एवढंच, की निरोप जाईनात.

सुरुवातीला तो नंबर ज्याचा त्याच्याच फोनवरून चाले. पण आपल्याकडे आई शेजारणीच्या फोनवरून बोलते, फोन बादलीत पडला की भाच्याचा घेते. लोकांनी आरडाओरडा केला आणि कंपनीनं ते बंधन काढून टाकलं. तेव्हापासून ज्याच्या हाती नंबर, त्याला दार वाजवता येतं. फक्त दार वाजलं की कडी सांगते, हा नंबर मुळात कुणाला दिलेला होता.

हे शेवटचं लोकांना भलतंच आवडलं. जाहिरातच होती, ‘नंबर फुटला? कुणी फोडला ते कळेल.’ कळायला लागल्यावर घरोघरी काय झालं ते अर्थातच जाहिरातीत नव्हतं.

दवाखान्याच्या मागच्या बोळात जाऊन जुईलीनं फलटणला आईला फोन लावला.

“आई, निनाद तुझ्याशी बोलला?”

“कोण? नाही गं. का?”

“घरी आला होता? कुणाला पाठवलं होतं त्यानं?”

“अगं, मी दळण आणायला सुद्धा जात नाही हल्ली गुडघ्यांमुळे. कोण येतंय माझ्याकडे. झालं काय पण?”

“तुला दिलेला नंबर त्याच्याकडे आहे.”

पलीकडे शांतता. ती शांतताच जुईलीला खटकली. दिवसभर लोकांचं ऐकणं तपासणारी बाई ती. कोण खरंच ऐकू न आल्यानं गप्प आहे आणि कोण उगाच, हे तिला चेहऱ्यावरून कळायचं. आता चेहरा समोर नव्हता.

“मी नाही दिला,” आई म्हणाली.

“मग त्याला स्वप्न पडलं?”

“मला काय माहीत. मी नाही दिला, एवढं मला माहीत आहे.”

जुईलीला एकेक आठवायला लागलं. कोर्टात जायच्या आदल्या दिवशी आई म्हणाली होती, जुई, एकदा शेवटचं बोलून बघ ना, माणूस तसा वाईट नव्हता. निनाद आईच्या मोतीबिंदूच्या वेळी दोन दिवस दवाखान्यात बसला होता. तो गोड बोलला असेल. काकू, मला फक्त माफी मागायचीय, म्हणाला असेल. आणि आई विरघळली असेल. विरघळणारीच ती. आज नंबर दिला, उद्या बोलता बोलता गावाचं नाव सांगेल. तिला कळणारही नाही आपण काय केलं ते.

“आई, मी कडी लावतेय,” ती म्हणाली.

“म्हणजे आपण बोलायचं कसं?”

 जुईलीनं लावली कडी.

दुसऱ्याच दिवशी ती पोलिसांच्या सायबर कक्षात जाऊन आली. उपनिरीक्षक फरीदा मुलाणी शांत बाई होत्या. “ज्या फोनवरून निरोप आला तो कुणाच्याच नावावर नाही,” त्या म्हणाल्या. “त्याला तुमचा पत्ता यातून मिळणार नाही, एवढं नक्की. तो नुसतं दार वाजवू शकतो. नंबर आईकडून गेला म्हणता?”

“मी नाही म्हणत. कडी म्हणते.”

“मग आईशी बोला एकदा नीट.”

“बोलले,” जुईली म्हणाली, आणि तिला आपलीच लाज वाटली.

भावाचा, मंदारदादाचा, फोन आला तो तापूनच. “आई रडतेय. जेवत नाहीये. तू समजतेस काय स्वतःला?”

“दादा, कडी खोटं बोलत नाही.”

“आणि आई बोलते?”

“मी कुठं म्हणतेय मुद्दाम दिला म्हणून?”

“म्हण की मग. मनात एक आणि तोंडात एक कशाला? ती तुझ्यासाठी कोर्टाच्या पायऱ्या चढली, त्या गुडघ्यांनी. आणि तू एका यंत्राचं ऐकतेस.”

त्यानं फोन आपटला. आठवडाही गेला नसेल, दुसरा निरोप आला. “राणीसरकार, दादांशी भांडू नये.” वापरलेला नंबर: मंदारदादाला दिलेला.

आता मात्र जुईलीच्या तळपायाची आग मस्तकात गेली. भांडण झालं हे निनादला कळलंच कसं? म्हणजे दादाच. रागाच्या भरात त्यानंच निनादला फोन केला असणार, बाबा रे, बघ ही कशी वागते. तशी भांडणं तिची आणि दादाची लहानपणापासून बारा महिने चालू असायची आणि हे निनादला पाठ होतं, ही साधी गोष्ट त्या क्षणी तिच्या डोक्यात आलीच नाही. संशय आला की डोकं एकाच दिशेला चालतं. तिनं दादालाही कडी लावली.

मग मावशी. मावशीच्या नंबरावरून निरोप आला तेव्हा जुईलीनं विचारण्याची तसदीही घेतली नाही. आईनं मावशीला चढवलं, मावशी बोलघेवडी, झालं असेल. कडी. त्यानंतर तिची शाळेतली, घरच्या कार्यांना हमखास असणारी मैत्रीण, अपर्णा, जिच्याशी ती दर रविवारी तासभर बोलायची. अपर्णाचं तिनं ऐकून घेतलं. अपर्णा म्हणाली, “जुई, माझी शपथ.” जुईली म्हणाली, “शपथेनं नंबर परत येत नाही गं.” कडी.

ती दुकानात गेली की दार कुठल्या बाजूला आहे ते आधी बघून ठेवू लागली. दवाखान्यात नवं माणूस आलं की कागदावरचं गाव वाचायची, निनादचं पुणं दिसलं की नाव पुन्हा पुन्हा वाचायची. घरमालकीण सहज म्हणाली, “तुमच्याकडे कुणीच कसं येत नाही हो?” तर हिला वाटलं, हिला कुणी विचारायला लावलं? रविवारी फोन वाजत नव्हता. सणाला वाजला नाही. आईला बरं आहे का, गुडघ्याचं ऑपरेशन ठरलं का, कळायला मार्ग नव्हता. आठवण यायची आणि लगेच मागोमाग दुसरा विचार यायचा, पण तिनं दिला असेल तर? ती स्वतःच्याच डोक्याला वैतागली होती.

आणि एका संध्याकाळी, भाजी निवडत असताना, फोन पुन्हा वाजला.

“राणीसरकार, नानामामांना आमचा नमस्कार सांगा. तब्येतीला जपा म्हणावं.”

वापरलेला नंबर: नानामामांना दिलेला.

जुईली बघतच राहिली. नानामामा म्हणजे आईचे थोरले भाऊ. मुलीचं, पूर्वाचं, लग्न त्यांनी थाटात लावून दिलं आणि नंतर दोनच महिन्यांत, वैशाखात, झोपेतच गेले. त्यांना दिलेल्या नंबराला कडी लावायचं जुईलीच्या मनात आलं होतं, पण बोट पुढं झालं नव्हतं. राहू दे, म्हणाली होती. मेलेलं माणूस कुणाला नंबर देत नाही.

मामींनी दिला म्हणावं, तर मामी निनादच्या नावानं बोटं मोडणाऱ्या. आणि मामींनी दिला असता तर मामा गेल्याचं त्याला पहिल्या वाक्यात कळलं असतं. पण त्याला ते माहीतच नव्हतं. का असणार? सुतकाचा निरोप भावकीत जातो, सोयऱ्यांत जातो. निनादला तो धाडायचं कुणाला सुचणार? म्हणजे तिच्या माणसांपैकी कुणीही, एकानंही, त्याच्याशी एक शब्द बोललं नव्हतं.

मग तिला ते दिसलं आणि भाजीची सुरी तिनं खाली ठेवली. कडी लागली की त्याचा निरोप जाईनासा होत होता. म्हणजे प्रत्येक वेळी त्याला कळत होतं, आज आई तुटली, आज दादा तुटला. त्याला पत्ता नकोच होता. लग्नात त्यानं हेच केलं होतं. अपर्णा तुझ्यामागं काय बोलते माहीत आहे का, दादाला तुझी कटकट वाटते, मावशी तोंडावर गोड. तेव्हा त्याला ते स्वतः बोलावं लागायचं आणि जुईलीला कधीतरी शंका यायची. आता तेच काम कडी करत होती आणि कडीवर तिचा विश्वास होता. चार माणसं तिनं आपल्या हातानं तोडून दिली होती. शिव्या द्याव्याशा वाटल्या, त्याला आणि स्वतःला, आणि तिनं एकटीनं बसून दोघांना मनसोक्त दिल्याही.

प्रश्न एकच उरला. हे सगळे नंबर एकत्र त्याच्याकडे गेले कसे?

मुलाणी बाईंनी सगळं ऐकलं आणि विचारलं, “गेल्या वर्षभरात या सगळ्यांनी मिळून एखादं ॲप वापरलं होतं? सहलीचं, भिशीचं, लग्नाचं?”

“लग्न झालं. पूर्वाचं. आमंत्रणाचं एक ॲप होतं. मामांचा हट्ट, कुणाची पत्रिका राहायला नको. आमच्याकडे पत्रिका राहिली की पुढची दहा वर्षं लोक ते विसरत नाहीत. त्यांनी सगळ्यांना आपापल्या फोनमधली नावं ॲपला जोडायला लावली.”

“आणि तुम्हाला पत्रिका किती आल्या?”

“ढीगभर. आईच्या नंबरावर एक, दादाच्या एक. सगळ्यांकडून येत होत्या. आम्ही हसलो होतो त्यावर.”

“तुम्ही त्या सगळ्या उघडल्या?”

“उघडल्या. उघडली नाही की मामा विचारायचे, पत्रिका पाहिलीस का.”

मुलाणी बाईंनी मान हलवली. काही दिवसांत ॲपवाल्यांकडून नोंदी मागवल्या आणि तिला बोलावून घेतलं. “नंबर वेगवेगळे होते, ते काही कुणाला जुळवता आले नसते,” त्या म्हणाल्या. “पण तुम्ही सगळ्या पत्रिका एकाच फोनवर उघडल्या. ॲपला पंगतीची पानं मोजायची होती. एकच पाहुणी पाच वेळा मोजली जाऊ नये म्हणून त्यानं तुमचे पाचही नंबर एका नावाखाली आणून ठेवले, कुठला कुणाकडून आला त्यासकट. आणि पाहुण्यांचं हे पान आमंत्रण मिळालेल्या प्रत्येकाला उघडता येत होतं.”

“पण निनादला आमंत्रण कुणी दिलं?” जुईलीनं विचारलं. “आईच्या फोनमध्ये होता तो अजून? जावईबापू म्हणून?”

“आईच्या फोनमध्ये तो नाही. तुमच्या भावाच्याही नाही.” मुलाणी बाईंनी पडदा तिच्याकडे वळवला. “तुमच्या आईनं तुमचा नंबर कुठल्या नावानं ठेवलाय, बघा.”

तिथं लिहिलं होतं, ‘टाकी धुणारा’. जुईलीला आधी कळेना.

“कुणी आईचा फोन हाती घेतला तरी तुमचं नाव दिसू नये म्हणून असणार,” मुलाणी बाई म्हणाल्या. “आणि आमंत्रण कुठून गेलं, ते खाली बघा.”

खाली एकच नोंद होती. पाहुणा: ‘उचलायचा नाही’. कुणाच्या फोनमधून: जुईली.

तिनं निनादचा जुना नंबर पुसला नव्हता. फोन आलाच तर ओळखू यावा म्हणून त्या नावानं ठेवला होता, बंद करून. मामांच्या हट्टाखातर तिनंही आपली नावं ॲपला जोडली होती आणि ॲपला काय, त्यानं बंद-उघडं न बघता सगळ्यांना अगत्याचं आमंत्रण धाडलं. निनादला तिच्या घरच्या लग्नाला तिनंच बोलावलं होतं.

“आता हा मामांचा नंबर उघडाच ठेवा,” मुलाणी बाई सांगत होत्या. “पाहुण्यांचं ते पान लग्नानंतर कुणी कुणी उघडलं याची नोंद आहे. तो स्वतःच्या फोनवरून उघडत होता, प्रत्येक निरोपाच्या आधी. कोर्टाचा हुकूम मोडल्याबद्दल त्याला उचलता येईल. ऐकताय ना?”

जुईली ऐकत नव्हती. ती ‘टाकी धुणारा’ वाचत होती.

निनादला पुण्यात ताब्यात घेतल्याचा निरोप आला त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळच्या गाडीनं ती फलटणला गेली. आधी कळवायची सोय नव्हती. आईनं काठी टेकत दार उघडलं, तिच्याकडे पाहिलं आणि म्हणाली, “वाळलीस.” बाकी काही नाही. आत जाऊन पोहे भिजवले.

जुईलीनं ओट्याशी उभं राहून सगळं सांगितलं. मामांचा नंबर, पंगतीची पानं, उचलायचा नाही. काही लपवलं नाही. आई मिरच्या चिरत ऐकत होती. “म्हणजे तूच बोलावलंस,” ती शेवटी म्हणाली.

“हो. मीच. आणि तुला नाही नाही ते बोलले.”

“बोललीस.”

“चुकलं माझं, आई.”

आईनं पोह्यांची बशी तिच्यापुढं ठेवली. जुईलीनं खिशातून फोन काढला. “तुझा फोन कुठंय? टेकव. नवा नंबर देते.”

“नको,” आई म्हणाली.

“रागावू नकोस ना.”

“रागावले नाही. खरंच नको. माझ्याजवळ तुझं काही असलं, की उद्या कुठं खुट्ट झालं तरी तू आधी माझ्याकडेच बघशील. त्या दिवशी फोन बंद झाला ना, मी इथं पाटावर बसून आठवत होते, झोपेत तर नाही ना दिला आपण कुणाला. माझाच माझ्यावर भरवसा राहिला नाही. ते पुन्हा नको मला. तू येत जा.”

“आणि तुला काही झालं तर? मला कळणार कसं?”

“नाही कळणार,” आई म्हणाली आणि तिच्या बशीत वरून खोबरं घातलं.

जुईली घासाशी खेळत बसली. तिच्यापाशी द्यायला आणखी एकच गोष्ट होती आणि ती तिनं आजवर कुणालाच दिली नव्हती. 

“मग पत्ता घे,” ती म्हणाली. “माझ्या घराचा. नंबर नको तर नको. लिहू नकोस कुठं, पाठ कर. बरं वाटेनासं झालं तर दादाला सांग, तो आणेल तुला. नाहीतर तुझी तू ये.”

आई हात पुसत तिच्यासमोर बसली. सांगायला जुईलीनं तोंड उघडलं, आणि तिची नजर आपोआप खिडकीकडे गेली. बाहेर शेजारची बाई कपडे वाळत घालत होती. जुईलीनं नजर पटकन वळवली, पण आईनं ती पाहिली होती.

आई गुडघ्यावर हात देऊन उठली, काठी न घेता खिडकीपर्यंत गेली, दोन्ही दारं लोटून खिटी घातली, आणि परत येऊन बसली.

“हं,” ती म्हणाली. “आता सांग.”